धाकटीच्या मानेवरचा रंग

मला कोड आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नवीन माणूस आधी माझे हात पाहतो, मग तोंड पाहतो आणि मग एकदम त्याला खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसतं. दोन्ही हातांची बोटं, मनगटं, ओठांच्या कडा आणि आताशा पावलंही. पहिला डाग मी अकरा वर्षांची असताना उजव्या अंगठ्यापाशी आला. आता मी चोपन्न वर्षांची आहे, एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते आणि डागाचा प्रवास चालूच आहे.

माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकट्या बहिणीलाही तो आला, ती चौदा वर्षांची असताना. तिच्या मानेवर डावीकडे, कानामागून जबड्यापर्यंत. ज्या दिवशी आईला तो दिसला, त्या दिवशी आई स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून रडली. मी रडले नाही. मला बरं वाटलं. घरात मी आता एकटी नव्हते. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी धाकटीला जवळ घेतलं आणि सगळे म्हणाले, थोरली किती समजूतदार आहे.

वडील इंदूरच्या सियागंज बाजारातल्या पंसाऱ्याकडून बावचीचं बी आणायचे. आई ते वाटून आमच्या डागांवर लेप द्यायची आणि आम्ही दोघी गच्चीत उन्हात बसायचो. फोड यायचे, फोड फुटले की आत तात्पुरती तांबूस कातडी दिसायची आणि आम्हाला वाटायचं, आला रंग. आठवडाभरात पुन्हा पांढरं. त्या गच्चीवर मी तिला जगातले सगळे समुद्र पाठ करायला लावले. माझ्या शिक्षकीची सुरुवात तिथली.

तिचा डाग पहिल्या वर्षात जेवढा वाढायचा तेवढा वाढला आणि मग थांबला. माझा थांबला नाही. यावरूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली असावी. तिला मुलगा बघायला आला तेव्हा पोह्यांची बशी तिनं हातात धरून पुढे केली, आणि हात होते आईसारखे गव्हाळ. मान पोहे वाढत नाही. तिच्याबद्दल त्यांना आधीच सांगितलेलं होतं. मुलगा पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता, तो म्हणाला, "ठीक आहे, मला काही प्रॉब्लेम नाही." मी पण याआधी चार वेळा पोहे दिले होते. चारही वेळा पाहुण्यांनी बशी घेतली आणि चमचा बाजूला ठेवला. वर भुरभुरलेल्या जिरावण मसाल्याचा वास इतका छान येत असताना कुणी पोहे टाकून उठतं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

तर मी आई-वडिलांच्या घरात राहिले आणि ती लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे, आमच्याच राजेंद्र नगरात. वर्षं गेली. आई गेली, वडील गेले. धाकटीचा मुलगा नोकरीला बंगलोरला गेला, तिकडेच त्याचं लग्न ठरलं. लग्नाला वर्ष-दीड वर्ष अवकाश होता. आणि त्या निमित्तानं एक दिवस ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, एक नवी डॉक्टर आली आहे. महाराष्ट्रातून. कोडाचं ऑपरेशन करते. अपन दोघी जाऊन येऊ ना यार, बघू तर काय म्हणते."

डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या दिसत होत्या. मराठी इतकी स्वच्छ, की मला आपोआप सरळ बसावंसं वाटलं. त्यांनी कागदावर केसाचं चित्र काढलं, खाली मूळ, आणि मुळाच्या वरच्या अंगाला एक छोटा फुगवटा.

"इथे मूळपेशी राहतात," त्या म्हणाल्या. "केस गळतो, नवा उगवतो. दर वेळी त्याला रंग कोण देतं? इथल्या पेशींतून रंग तयार करणाऱ्या नव्या पेशी बनतात. मोठ्या माणसाच्या शरीरातसुद्धा ठिकठिकाणी असा राखीव साठा असतो. हाडांच्या मज्जेत आहे, त्याच्यावर रक्ताच्या कर्करोगाचे कितीतरी रुग्ण उभे राहिले. बुबुळाच्या कडेला आहे, त्यानं चुन्यानं भाजलेले डोळे पुन्हा बघायला लागलेत. आपण डोक्याच्या मागच्या भागातले थोडे केस मुळासकट काढायचे, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि डागावर पेरायच्या."

"आणि जाहिरातीत येतं ते? गुडघे, मधुमेह, मेंदू, सगळंच बरं होतं म्हणतात," मी विचारलं. मला नवीन गोष्टीत खोट शोधायची सवय आहे.

"त्यातलं बरंचसं अजून सिद्ध व्हायचंय. कुणी छातीठोक सांगत असेल तर तिथून उठून यायचं," त्या म्हणाल्या. मला ती बाई आवडली, याचाही मला राग आला.

मग त्यांनी खोलीतला दिवा घालवून एक जांभळा दिवा आमच्या अंगावर धरला. धाकटीच्या मानेवरचा डाग खडूसारखा चमकला, कडा स्पष्ट. माझे हात तर चमकलेच, पण कोपरापाशी, दंडावर, जिथे साध्या उजेडात मला काहीच दिसत नव्हतं तिथेही बारीक बारीक ठिपके उठले. दिवा लावून त्यांनी सांगितलं की ऑपरेशन फक्त थांबलेल्या डागावर करतात. निदान वर्षभर डाग वाढलेला नको, नवा आलेला नको. डाग चालू असताना पेशी पेरल्या तर शरीर त्याही मारून टाकतं.

"गेल्या वर्षभरातले फोटो आहेत का काही?"

धाकटीकडे होते, लग्नकार्यातले, वाढदिवसांचे. "माझ्याकडे पण आहेत," मी म्हणाले. "मी दर महिन्याला काढते. घरी आहेत." हे धडधडीत खोटं होतं. दिव्यात काय दिसलं ते दिसलं असेल, पण कागदावरचा पुरावा मी देऊ शकत होते.

आमच्याकडे जुनी कॅलेंडरं फेकत नाहीत, कपाटाच्या फळ्यांवर पसरतात. त्या रविवारी मी गेल्या वर्षीचं कॅलेंडर साड्यांच्या खालून काढलं, भिंतीला लावलं आणि धाकटीच्या हातात मोबाईल दिला. जानेवारीचं पान, निळी साडी, हात कॅलेंडरच्या शेजारी. फेब्रुवारी, हिरवी साडी. मार्च, वर स्वेटर घालणार होते, पण मार्चमध्ये इंदूरात स्वेटर कोण घालतं, म्हणून काढला. धाकटी हसून हसून पलंगावर पडली. "ताई, ही चीटिंग आहे."

"तू बटण दाब."

एका दुपारी बारा महिने झाले. मोबाईलमधल्या तारखेची भानगड नको म्हणून स्टुडिओतून प्रिंट काढून आणल्या. बाईंनी त्या एकेक करून टेबलावर मांडल्या, भूगोलाच्या पेपरसारख्या तपासल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या करंगळीचं नेलपॉलिश जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत एकाच जागी उडालेलं आहे."

धाकटीला पुन्हा हसू आलं. बाईही हसल्या. मीही हसले, कारण त्या खोलीत दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. माझं वय चोपन्न, आणि मी कॉपी करताना पकडली गेले होते.

"तुमचा डाग आधी थांबवायला हवा," बाई म्हणाल्या. "गोळ्या, मलम, लाईट. दंडावरचे केस काळे आहेत, तिथं साठा शिल्लक आहे, तिथला रंग परत यायची आशा आहे. बोटांच्या टोकांना आणि ओठांना केसच नसतात, तिथं अवघड."

म्हणजे गोदाम दंडावर आणि माल हवा बोटांना. मी विचारलं, "मग हिच्या पेशी मला चालतील?"

"नाही. सख्खी बहीण असली तरी तुमचं शरीर त्यांना परकं मानेल."

धाकटीला तारीख मिळाली. रिक्षात बसल्यावर तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुझं पण होईल गं. टेंशन नको घेऊ." मी हात सोडवून घेतला आणि पर्समध्ये उगाच चष्मा शोधत बसले. जी बहीण चाळीस मिनिटांपूर्वी माझ्याबरोबर कोडवाली होती, ती आता रुग्ण झाली होती, बरी होणारी. मला तिचा हेवा वाटला. तिच्या मानेचा, तिच्या थांबलेल्या डागाचा, तिच्या नवऱ्याचा, तिच्या हातांचा. लहानपणापासून साठवलेला सगळा हेवा एकदम वर आला.

तरी तिच्या ऑपरेशनला मीच गेले. मेहुण्यांच्या कारखान्यात तेव्हा मशीन बसवायचं काम चालू होतं, त्यांना रजा मिळेना. मी शाळेतून आठवड्याची सुट्टी काढली. बाईंनी मला आत बोलावून एक बारीक नळी दाखवली. तळाशी चमचाभर गढूळ पाणी. "यात तुमच्या बहिणीच्या पेशी आहेत." मी जन्मभर ज्यासाठी उन्हात बसले, ते एवढंसं होतं आणि ते माझं नव्हतं. त्यांनी तिच्या मानेवरची वरची कातडी हलकीच खरवडून ते पाणी तिच्यावर पसरवलं, वर जाळी, वर पट्ट्या, आणि मान हलू नये म्हणून पट्टा. सात दिवस मान वळवायची नाही, ओलं होऊ द्यायचं नाही. "ड्रेसिंग जरासुद्धा सरकलं तर त्याच दिवशी या," बाईंनी मला बजावलं. "पेशी पहिल्या काही दिवसांतच धरतात."

धाकटीला आरशात मान वळवून बघायची परवानगी नव्हती. तिचे डोळे मी होते. सकाळ-संध्याकाळ मी ड्रेसिंग तपासायचे, टेप बघायचे, ती पाठ सरळ ठेवून खुर्चीत बसायची. मी तिचे केस वर बांधून द्यायचे. भरवायचेसुद्धा, कारण मान खाली करता येत नव्हती. वरणभाताचा घास तिच्या तोंडात देताना आम्हाला दोघींना हसू यायचं आणि तिला हसायला बंदी होती, म्हणून ती डोळे मिटून घ्यायची. खरं सांगते, ते दोन दिवस फार चांगले गेले. कितीतरी वर्षांत ती अशी पूर्णवेळ माझी झाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेहुणे कामाला गेले. मी तिच्या मागे उभी राहून केस विंचरत होते. ती खुशीत होती. मुलाच्या लग्नात घालायच्या ब्लाऊजची ती चर्चा करत होती, गळा किती मोठा ठेवायचा. "मतलब, आजवर कधी शिवलंच नाही ना तसं. आणि ताई, आता लग्नात कुणी बघत बसणार नाही. आजवर म्हणायचे, त्या दोघी बहिणींना आहे. आता म्हणतील..."

ती थांबली. तिला कळलं. मलाही कळलं. पुढचं वाक्य तिनं म्हटलं नाही, पण ते मी ऐकलं. आता म्हणतील, तिच्या बहिणीला आहे.

त्याच वेळी मला दिसलं की ड्रेसिंगचा खालचा कोपरा सुटला आहे. मानेच्या मागच्या बाजूला, केस सुरू होतात तिथे. टेपला सुरकुती पडली होती आणि जाळी अंगठ्याएवढी वर उचलली गेली होती. रात्री झोपेत झालं असावं.

"काहीतरी ओढल्यासारखं होतंय," ती म्हणाली. "सरकलंय का गं?"

"नाही."

"नीट बघ ना."

"बघितलं. ठीक आहे."

मी टेप अंगठ्यानं दाबून चिकटवला आणि वेणी घालायला घेतली. फोन टेबलावर होता. क्लिनिक रिक्षानं वीस मिनिटांवर. मला चूक झाली असं म्हणता येणार नाही, विसरले असंही नाही. मला त्या घडीला वाटलं, एवढा कोपरा माझ्याबरोबर राहू दे.

सात दिवसांनी पट्ट्या निघाल्या तेव्हा मान लालसर होती, त्यावरून काही कळत नव्हतं. महिन्याभरानं तपकिरी ठिपके दिसायला लागले, मोहरीच्या दाण्याएवढे. मग ते पसरले, एकमेकांना भेटले. धाकटी रोज मला फोटो पाठवायची आणि मी रोज अंगठा वर केलेलं चित्र पाठवायचे. त्या काळात मी गोळ्या घेत होते, लाईट घेत होते, दंडावर रंगाचे सहा-सात ठिपके आले होते. बाई त्यावर खूश होत्या. मी बहिणीचे फोटो मोठे करून बघत होते. वरून रंग खाली उतरत होता, कानामागून, जबड्यावरून, आणि मानेच्या मागच्या त्या कोपऱ्याशी येऊन थांबत होता. दर फोटोत मी आधी तोच कोपरा बघायचे. तो भरावा असं मला वाटायचं आणि तो भरला नाही की बरंही वाटायचं. दोन्ही एकदम वाटतं. ज्यांना असं कधी वाटलं नसेल त्यांनी माझ्यावर खुशाल नाक मुरडावं.

सहा महिन्यांनी आम्ही दोघी तपासणीला गेलो. मान भरलेली होती. मी प्रामाणिकपणे सांगते, सुंदर दिसत होती. फक्त मागे, केसांच्या सुरुवातीला, अंगठ्याएवढा पांढरा तुकडा. बाईंनी जांभळा दिवा धरला, बोटानं कडा चाचपली.

"बाकी इतकं छान आलंय, हाच भाग का राहिला? त्या आठवड्यात ड्रेसिंग कुठे सरकलं होतं का?"

"नाही," धाकटी लगेच म्हणाली. "सवालच नाही. ताई होती ना. दिवसातून दोनदा बघायची. मी तर हैराण झाले होते तिच्यामुळे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी हसले असावे.

"मग तिथल्या पेशी धरल्या नसतील. होतं कधी कधी. आपण तेवढ्या भागावर पुन्हा करू शकतो. छोटंच काम आहे."

"राहू दे हो," धाकटी म्हणाली. "एवढंसं तर आहे. ताईला एकटं टाकून मी कुठे जाऊ? तिच्यासाठी थोडं राहिलं तर चांगलंच."

ती हे मस्करीत म्हणाली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली. आणि मला ते सहन झालं नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून नव्हे फक्त. मी तिच्याकडून चोरून घेतलेली वस्तू ती मला भेट म्हणून देत होती, आणि ती मला घ्यावी लागणार होती.

"सरकलं होतं," मी म्हणाले. "तिसऱ्या दिवशी सकाळी. मी बघितलं होतं."

बाईंनी दिवा बंद केला. मग धाकटीनं अगदी हळू विचारलं, "मी तुला दोनदा विचारलं होतं, ताई."

"हो."

"मग?"

"मला तुझा हेवा वाटला."

चाळीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा म्हटलं आणि ते इतकं छोटं निघालं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर तिथेच भांडण काढेल. आमच्याकडे भांडणं मोठ्यानं होतात आणि पोहे करून मिटतात. तिनं माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. स्वतःच्या.

"डॉक्टर, ते परत करून घ्या," ती म्हणाली. "तेवढा कोपरा."

बाईंनी तारीख बघितली, फॉर्म काढला. नाव, वय, पत्ता त्यांनी स्वतःच लिहिलं. मग पेन थांबवून, कागदाकडेच बघत त्यांनी विचारलं, "या वेळी सात दिवस तुमच्याबरोबर कोण राहील?"

मी तोंड उघडलं होतं. सुट्टी मिळेल, असं सांगणार होते. मे महिना होता, शाळा बंदच होती.

"ह्यांना रजा घ्यायला लावते," धाकटी म्हणाली.

बाईंनी मेहुण्यांचं नाव लिहिलं. मी ते उलटं वाचत होते, एकेक अक्षर. ते तिचे केस विंचरतील, तिला घास भरवतील, ती हसू दाबायला डोळे मिटून घेईल ते बघतील. ती मागून विचारेल, सरकलंय का हो, आणि ते सांगतील तेच ती खरं धरेल. तिची मान भरो न भरो, तिचं मला आता काही वाटत नव्हतं. मला त्या माणसाचा हेवा वाटत होता.